शिवेच्या आतला सत्कार

तक्रारदार: अस्मादिक, व्यवसाय अर्जलेखन, बैठक जिल्हाधिकारी कचेरीच्या फाटकासमोर, जळगाव. ज्यांच्या वतीने तक्रार आहे त्या: पहूरच्या एक अक्का, केळी-कापूस करणाऱ्या घरातल्या, वय साठीपुढे. ज्यांच्याविरुद्ध आहे ते: अक्कांच्या मुलीच्या सासरची, धुळे जिल्ह्यातल्या एका गावची सत्कार समिती. घटनेचा दिवस: कापसाची शेवटची वेचणी चालू असतानाचा एक रविवार. साक्षीदार: आमच्या जीपचा चालक, लाउडस्पीकरवाला, जो आता तोंड उघडायला तयार नाही, आणि मांडवात बसलेले सगळे गाव. नावे मी मुद्दाम देत नाही. नावे दिली की माणसे नावांवरून भांडत बसतात आणि मुद्दा वाऱ्यावर जातो.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे मी कचेरीच्या फाटकासमोर बसून घेतले. वकील कायदा जाणतो, कारकून नियम जाणतो. परंतु अन्याय कोणत्या वाक्यात बसवला असता साहेबाला तो शेवटपर्यंत वाचावाच लागतो, हे या जिल्ह्यात फार थोड्यांना कळते, आणि त्या थोड्यांत माझी गणना होते. सबब हे प्रकरण मी दुसऱ्या कुणाच्या हाती दिले नाही.

अक्कांचे आणि माझे घर पहूरला एकाच गल्लीत. त्यांचे यजमान लवकर गेले. मुलगी दहावीला उत्तम गुणांनी पास झाली तेव्हा भाऊबंद म्हणाले, पुरे झाले, आता स्थळे बघा. अक्कांनी एका हाताने बाग सांभाळली आणि दुसऱ्या हाताने मुलीला जळगावच्या वसतिगृहात नेऊन ठेवले. त्या मुलीच्या उत्पन्नाच्या दाखल्यापासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळे अर्ज माझ्या हातचे. ती आज दक्षिणेत, उपग्रह बनवणाऱ्या सरकारी केंद्रात अभियंता आहे. त्या उपग्रहात माझ्याही अक्षराचा वाटा आहे असे मी मानतो, आणि मुलगीही ते नाकारत नाही.

ती नेमके काय करते, असे गल्लीत कुणी विचारले की अक्का त्याला केळीच्या बागेकडे बोट दाखवीत.

"नवं पान कसं निघतं? सुरळी होऊन. वर गेलं की उलगडतं. उपग्रहाचे पंख तसेच. खाली घडी घालून द्यायचे, वर जाऊन उघडले पाहिजेत. नाही उघडले तर ऊन भेटत नाही, अन् मग बठ्ठं वाया. ते उघडायचं काम माह्या पोरीकडे."

मागे एक उपग्रह वर गेला आणि त्याचे पंख व्यवस्थित उघडले. मुलीला तिच्या केंद्रात मोठा गौरव मिळाला. वर्तमानपत्रात फोटो आला. पांढरी टोपी, पांढरा झगा, तोंडावर पट्टी. नुसते डोळे दिसत होते, पण डोळ्यांवरूनही पहूरने तिला ओळखले. मग सासरच्या गावाला एकदम आठवण झाली की ही आपली सून आहे.

सत्कार सासरच्या गावी ठरला, अशी वार्ता आली. मी स्वतः बसने धुळ्याकडे गेलो आणि समितीच्या अध्यक्षांना, त्या गावच्या वयोवृद्ध आबांना, भेटलो. सत्कार जळगावच्या एखाद्या सभागृहात करावा, दोन्ही गावांनी मिळून करावा, असे मी मुद्देसूद मांडले. पारावर बसलेल्या मंडळींनी ऐकून घेतले. आबा म्हणाले, "सून कोनी शे? आमनी. मंग सत्कार बी आमनाच गावमा हुई. लेक दिधी म्हंजे दिधी."

मागून एक जण म्हणाला, "वकीलसाहेब, तुमी कोनता बाजूना?"

"मी वकील नाही. अर्जलेखक आहे."

"मंग अर्ज करा ना!" आणि सगळा पार हसला.

शेवटी आबांनी मला पाणी दिले आणि म्हणाले, "अक्काले बी शाल देसूत. स्टेजवर बलाईसन देसूत. आते तं खुश?"

मी खूश झालो. तसाच पहूरला गेलो आणि अक्कांना वार्ता सांगितली. अक्का केळीची वाळलेली पाने कापीत होत्या. विळा खाली ठेवून म्हणाल्या, "भाऊ, पोरीला अजून मूल नाही."

मला क्षणभर अर्थ कळला नाही. मग कळला. आमच्याकडे जुनी माणसे लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचे काही घेत नाहीत. अन्न नाही, पाणी नाही. अक्कांनी तर त्या शिवेच्या आतले काहीच न घेण्याचा नेम धरलेला. लग्नानंतर एकदा गेल्या तेव्हा येताना चालकाला शिवेबाहेर गाडी थांबवायला लावून त्या पाणी प्यायल्या होत्या.

"शाल म्हणजे काही जेवण नाही, अक्का."

"पाणी घेत नाही तिथं शाल घेऊ? तू म्हण तिकडच्यांना, गावाबाहेर फाट्यावर द्या म्हणावं. तिथं दोन्ही हातांनी घेते. मला पाहायला तर यायचंच आहे."

बाईंची अट सोपी होती. मी त्याच दिवशी आबांना फोन केला आणि कारणासह सर्व सांगितले. आबांना ही रीत नवी नव्हती. त्यांच्या स्वतःच्या मुली दिलेल्या आहेत. ते म्हणाले, "बरं, देखसूत." हे वाक्य मी येथे मुद्दाम नोंदवतो. त्यांना माहीत नव्हते, असे आता कुणी म्हणू नये.

रविवारी आम्ही जीपने निघालो. अक्कांनी घरून भाकरी, ठेचा आणि पाण्याची बाटली घेतली होती. गावाच्या कमानीवर भला मोठा फलक होता. त्यावर सर्वात मोठा फोटो सासऱ्यांचा, त्याखाली नवऱ्याचा, त्याखाली पाहुण्या पुढाऱ्याचा. मुलीचा फोटो कोपऱ्यात, तोही लग्नातला, मुंडावळ्या बांधलेला. पांढऱ्या टोपीतला फोटो तिने पाठवला होता. तो "बाईमानूससारखा दिखत नही" म्हणून बाजूला ठेवला, असे फलक लावणाऱ्यानेच मला सांगितले. जिने पंख उघडले तिच्या कपाळावर मुंडावळ्या. मी त्या कमानीखाली उभा राहून मनातल्या मनात पहिला परिच्छेद रचला.

मांडवात बायका मुलीभोवती जमल्या होत्या. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "रॉकेट तं उडाडी दिधं माय, पाळना कवय हालाडशी?" हशा पिकला. मुलगीही हसली. तिला तसे हसता येते. मला येत नाही. अक्का सर्वात मागे, मांडवाच्या खांबाला टेकून बसल्या.

प्रथम सासऱ्यांना शाल आणि श्रीफळ. मग नवऱ्याला. मग पाहुण्यांना. मग मुलीची ओटी भरली. होय, ओटी. राष्ट्राच्या उपग्रहाचा गौरव समितीने खणा-नारळाने केला. मुलगी बोलायला उभी राहिली. "मी आज इथं आहे ती माझ्या आईमुळे," एवढे तिचे वाक्य झाले, आणि पाहुण्यांना पुढे कार्यक्रम आहे म्हणून आभार मानणाऱ्याने माईक घेतला. घेतला तो घेतला, आणि वर तोच म्हणाला, "आता आपल्या सूनबाईंच्या मातोश्रींनी स्टेजवर येऊन सत्कार स्वीकारावा!"

मी आबांकडे पाहिले. आबा समोर पाहत होते.

सगळा मांडव मागे वळला. अक्का उठल्या. पदर सावरला, स्टेजपर्यंत चालत गेल्या, पायरीखाली थांबल्या आणि हात जोडले. वरून एक जण शाल उलगडून पुढे करीत होता. अक्का हलल्या नाहीत. शाल तशीच हवेत राहिली. मुलीच्या लक्षात आले. ती पुढे आली, पण अक्कांनी मानेनेच तिला थांबवले. सासर तिचे होते. तिथे तिला पुढेही यायचे-जायचे होते.

मग तोच आभार मानणारा माईकवर म्हणाला, "मातोश्रींनी सत्कार नम्रपणे नाकारला आहे. केवढा हा साधेपणा! टाळ्या!"

टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पत्रातही तसेच छापून आले.

परतताना शीव ओलांडली तशी अक्कांनी जीप थांबवायला सांगितली. बाभळीखाली बसून त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी आम्हाला भाकरी वाढली. मग म्हणाल्या, "भाऊ, नाकारला म्हणाले रे. मी कुठं नाकारला? मला पाहिजे होता."

चालकाने तोंड फिरवले. मी आयुष्यभर लोकांची गाऱ्हाणी सजवून लिहिली आहेत. या वाक्याला माझ्याच्याने एक शब्दही जोडवला नाही.

त्यानंतर मी समितीला तीन पानी अर्ज दिला. लेखी उत्तर आले नाही. तोंडी निरोप आला: "अक्काले म्हना, नातू होऊ द्या, मंग वाजतगाजत सत्कार करसूत." म्हणजे मुलीने आकाशात काय केले याला या गावाच्या लेखी किंमत नाही, पाळणा हलेपर्यंत तिच्या आईला मान नाही. नेम अक्कांचा होता हे मला मान्य आहे. परंतु त्या नेमाचा मान राखणे हाताशी होते, फाटा पाच मिनिटांवर होता, आणि समितीने जाणूनबुजून अक्कांना मांडवात उभे करून तोच नेम त्यांच्यावर उलटवला. ज्या बाईने भाऊबंदांशी भांडून एक मुलगी आकाशाच्या कामाला दिली, तिला भर सभेत नको म्हणणारी ठरवले.

सबब मागणी अशी. "नाकारला" हे वाक्य ज्या माईकवरून बोलले गेले, त्याच माईकवरून ते परत घ्यावे, आणि वर्तमानपत्रात तशी दुरुस्ती द्यावी. सत्कार पहूरला, अक्कांच्या अंगणात, मुलीच्या समक्ष आणि तिच्या सवडीने करावा. तिला ओटी नको. तिने काय काम केले ते सभेत वाचून दाखवावे, आणि ते ती स्वतः सांगू इच्छित असेल तर माईक तिच्याकडेच राहू द्यावा. नातवाची अट लेखी मागे घ्यावी. समितीला हे जमणार नसेल तर तेही लेखी कळवावे, म्हणजे पुढे कोणाचे दार ठोठावायचे ते आम्ही ठरवू. तोंडी निरोप स्वीकारला जाणार नाही. उत्तर अक्कांच्या पत्त्यावर पाठवावे. अर्ज माझ्या हातचा असला तरी वाट त्या पाहत आहेत.