सेलिनमावशीला हवी असलेली यादी

सेलिनमावशीची काल संध्याकाळी माती झाली.

तिच्या कुत्र्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. ती सकाळपासून फाटकाशी बसून आहेत.

मावशी म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. वसईजवळ वटार गावात राहायची. शाळेत मुख्याध्यापिका होती, आणि रिटायर झाल्यावरही तो आवाज तिने शाळेला परत केला नाही.

लोकांना नकोशी झालेली कुत्री लोक तिच्या वाडीत आणून सोडायचे. ती तासभर बडबडायची आणि ठेवून घ्यायची.

पिल्लू कुणाला द्यायचं असेल तर तिची एक पद्धत होती.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं वाचतात. कुणाची हरकत असेल तर पुढे येऊन सांगा, म्हणून. मावशीने तेच कुत्र्यांना लावलं. मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात पिल्लू काखेत घेऊन उभी राहायची.

"हे पिल्लू अमक्या अमक्याला देतेय. कुणाला काही ठाऊक असेल तर आत्ता बोला. नंतर माझ्याकडे यायचं नाही."

लोक हसायचे. पण बोलायचेही. "त्याला नको गं देऊस, त्याने घरची गाय उपाशी बांधून ठेवलेली." झालं, नाव बाद.

गावात हे चालायचं, कारण गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं.

मग विरार-नालासोपाऱ्याच्या नव्या टॉवरांतून लोक यायला लागले. मावशी त्यांचीही नावं आवारात सांगायची. कुणी काही बोलायचं नाही. बोलणार काय, ओळखतच नव्हतं कुणी त्यांना.

ते गप्प बसणं मावशीने होकार धरला. चूक तिथे झाली.

जुली नावाची कुत्री अशीच गेली. न्यायला आलेला माणूस इस्त्रीच्या शर्टातला, गोड बोलणारा, हातात बिस्किटांचा पुडा. महिन्याभरात त्याने तिला मारून टाकलं. कसं, ते मी इथे लिहिणार नाही. केसच्या कागदांत आहे, मी वाचलंय, तेवढं पुरे.

पोलीस स्टेशनला कळलं की त्याला आधीही शिक्षा झालेली. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कुत्र्यासाठी.

मी वसई कोर्टात वकिली करते, म्हणून मावशीने मला सोबत नेलं होतं. तिने माझ्याकडे वळून एवढंच विचारलं, "मग हे मला कोण सांगणार होतं?"

तिथून आमचं भांडण सुरू झालं, ते शेवटपर्यंत.

तिचं म्हणणं, प्राण्यांना छळल्याबद्दल ज्यांना शिक्षा झाली त्यांची यादी सरकारने लावावी. कुणालाही बघता येईल अशी.

माझं म्हणणं, नको.

"निकाल कोर्टाच्या वेबसाइटवर असतात, मावशी."

"कुठल्या कोर्टाच्या? तो आधी कुठे राहायचा तेच मला माहीत नव्हतं."

"यादी लागली की लोक त्याच्या दारात जातील. घरात बायको असते, पोरं असतात. शाळेत त्या पोरांचं काय होईल?"

पोरं एकमेकांना काय काय बोलतात ते तिला मी सांगायची गरज नव्हती.

मग म्हणाली, "माझं नाव तीन रविवार अख्ख्या गावासमोर वाचलं. मी तर काही गुन्हाही केला नव्हता."

मी तडजोड काढली. यादी असू दे, पण फक्त शेल्टरवाल्यांना आणि जनावरांच्या डॉक्टरांना दिसेल अशी. काही वर्षांनी नाव निघेल अशी.

"नाव निघू दे. माणूस सुधारतो. पण मी कोण? माझं ना शेल्टर, ना बोर्ड. मला दाखवतील?"

मी विषय बदलला आणि चहा टाकायला उठले.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण लोकांनी तिला उगाच खुनशी ठरवलं. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या माणसाचा फोटो आणि पत्ता टाकायचं चाललं होतं. फोटो मावशीच्याच फोनमध्ये होता, जुलीला देताना काढलेला. तिने तो दिला नाही.

लोक चिडले. "मग यादी यादी काय करतेस?"

"कोर्ट नाव लिहील, कोर्टच ते काढेल. तुमच्या ग्रुपवरचं नाव कोण काढणार?"

मला त्या दिवशी तिचा फार अभिमान वाटला. तिला सांगितलं नाही, डोक्यावर बसली असती.

काल मातीनंतर आवारात एक माणूस माझ्याकडे आला. तिशीतला असेल, शांत. म्हणाला, मागच्या आठवड्यात मावशींशी फोनवर बोललो होतो, ते तांबडं पिल्लू न्यायचं होतं. आता तुम्ही द्याल का? बायकोने बाल्कनीत जागाही करून ठेवलीय.

मी नाव विचारलं. कुठे राहता ते विचारलं. आधी कुठे राहायचात तेही विचारलं. तो न चिडता सांगत गेला. शेजारच्या बायकांकडे पाहिलं, त्यांनी माना हलवल्या. कुणी त्याला ओळखत नव्हतं.

मी फोन हातात घेतला. आणि लक्षात आलं, बघायचं कुठे?

मी नाही म्हटलं.

"ठीक आहे मॅडम," म्हणाला आणि रिक्षात बसून गेला. त्याचा चेहरा उतरला होता आणि मला वाईट वाटलं.

माणूस चांगलाच असावा. यादी असती आणि तिच्यात त्याचं नाव नसतं, तर काल ते पिल्लू त्याच्या घरी गेलं असतं. आमच्या एवढ्या भांडणांत मी दोषी माणसाच्या बायकापोरांचा विचार केला. ज्याने काहीच केलेलं नाही आणि तरी रिकाम्या हाताने परत जातो, तो माणूस मला कधी सुचलाच नव्हता.

मावशी, माझे मुद्दे मी मागे घेतलेले नाहीत. पण ती यादी आता मलाही हवी आहे.

सावकाश जा.