गोधडीखालची निळी ठिणगी

मंडळी, नानांचा गुडघा कसा आहे? शालूताई, साखर आटोक्यात आली का? पमाचा खोकला गेला? आमच्याकडे आज आजारी पडली ती गाडी!

सकाळी कुसुमला वाघोडियाला न्यायचं होतं. तिच्या धाकट्या बहिणीचं, विमलचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन. विमल हटून बसलेली, "ताई आल्याशिवाय मी आत जाणार नाही." आणि गाडी आचके देत फाटकातच अडली.

प्लग पुसले, फरक नाही. संशय प्लगला वीज पुरवणाऱ्या कॉइलवर आला. तिला तडा गेला की वीज तिथूनच निसटते, पण उजेडात दिसत नाही. मग इंजिन चालू ठेवून आम्ही दोघांनी वरून गोधडी तंबूसारखी धरली, हात लांब ठेवले आणि आत डोकावलो.

शेजारच्या हंसाबेन ओरडल्या, "काका, गाडीने ताव आव्यो?"

"हो बेन, ताप आलाय, वाफारा देतोय!"

तेवढ्यात कुसुमने माझा दंड धरला. "अहो, ती बघा!" कॉइलच्या तड्यातून केसाएवढी निळी वीज तडतडत लोखंडावर उडत होती. इतकी वर्षं हिच्याच जोरावर फिरलो, आणि दर्शन आज झालं.

कोपऱ्यावरून नवी कॉइल आणून बसवली. वेळेत पोहोचलो, ऑपरेशन छान झालं. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या विमलला सगळं सांगितलं, तर म्हणते, "भाऊजी, पट्टी सुटली की आधी मला ती ठिणगी दाखवा."

म्हणून तडा गेलेली कॉइल जपून ठेवली आहे. तुम्ही कधी असं काही पाहिलंत का? तब्येतीसकट लवकर कळवा, वाट बघतोय.