बांगड्यांवरची चिंधी

इकडे ये अशी, जवळ सरक. चपला घालून दारात काहून उभी राहिलीस? सहा महिन्यांनी तोंड दाखवलंस, चहा अर्धा ठेवलास, अन् निघता निघता विचारतेस काय, तर "आजी, जिनात तुला एवढा मान होता म्हणतात, तो कशानं मिळाला? माझी नवी नोकरी आहे, मलाही सांग." हे काय उभ्या उभ्या सांगायचं असतं? टेक जरा. पुढच्या गाडीनं जा.

मी चांदूर बाजारची. लग्न होऊन अकोल्याला आले तेव्हा अठराची असेन. तुझे आजोबा मालधक्क्यावर हमाल. एक दिवस अंगावर पोतं पडलं अन् त्यांची कंबर गेली. पदरात दोन लेकरं, घरात कमावतं कोणी नाही, म्हणून मी जिनात लागले. जीन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. लांबच लांब शेड, त्यात ओळीनं रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं. एका रेच्यावर एक बाई, तिच्या बाजूला कापसाचा ढीग. बाईनं कापूस चाचपायचा अन् रेच्यात घालायचा. आवाज असा की शेजारणीशी खुणांनी बोलावं लागे.

मला काम शिकवलं ते मावशीनं. सगळ्या जणी तिला मावशीच म्हणत. पन्नाशीची, अमरावतीची, तिथं सगळ्यांत जुनी. दाराजवळचा पहिला रेचा तिचा. मला पाहिलं अन् म्हणाली, "काय व पोट्टे, वरातीत चालली काय? हातभर बांगड्या घालून आली ते!" जुन्या लुगड्याची चिंधी फाडली अन् माझ्या दोन्ही हातांवर, बांगड्या झाकून, करकचून बांधली. काचेचा बारीक तुकडा रुईत, म्हणजे सरकी काढलेल्या कापसात, गेला तर अख्खी गठाण, बांधलेला गठ्ठाच, वाया जाई.

"अन् हात असा घाल, कोपरापर्यंत. ढिगात काय काय येते तुले ठाव नाई. गोटे येतात, बैलाच्या खुराची नाल येते. लोखंड रेच्यात गेलं का ठिणगी, अन् ठिणगी पडली का आपली होळीच व माय."

दुपारी तिनं आपल्या मडक्यातलं पाणी मला दिलं. आमच्या वस्तीतल्या बाईला आपल्या मडक्याला हात लावू देणारी तिथं दुसरी कोणी नव्हती. ती मात्र वरून रागावली, "पाह्यत काय राह्यली? पे लवकर, भोंगा होते आता."

भोंग्याच्या आधी यायचं अन् रेचा फडक्यानं पुसून घ्यायचा, हेही तिचंच. अन् चूक झाली तर कोणी विचारायच्या आधी आपल्या तोंडानं सांगायची. दुसऱ्याच महिन्यात माझ्या हातून गोटा गेला, रेच्याच्या रुळावरचं चामडं फाटलं. कोणी पाहिलं नव्हतं. मावशीनं नुसतं डोळ्यांनी दार दाखवलं. मी मॅनेजरपुढं गेले अन् सांगितलं. बोलणी खाल्ली, पण तेव्हापासून शेडमध्ये काही वाद झाला की मॅनेजर म्हणे, "त्या चिंधीवाल्या बाईला विचारा, ती खोटं बोलत नाही." बाया मला वाट देऊ लागल्या. मला बरं वाटे, कशाला नाही म्हणू.

चार-पाच हंगाम असे गेले. मग एका दुपारी मावशी लोटा उचलायला गेली अन् तिचा हात लोट्याच्या बाजूला, जमिनीवर पडला. मी पाहिलं. मी पाहिलं हे तिलाही कळलं.

"मोतीबिंदू हाय," ती हळूच म्हणाली. "कोणाले सांगजो नको. लेक अमरावतीले मास्तरकी शिकून राह्यला. यवढं वरीस निघू दे, मंग मीच जातो घरी."

मी हो म्हटलं. काय म्हणणार होते? मी भोंग्याच्या अर्धा तास आधी येऊ लागले. आधी तिचा ढीग कोपरापर्यंत हात घालून पाहायचा, मग माझा. ती भाकर खायची तेव्हा नवा आलेला कापूस पुन्हा पाहायचा. मॅनेजर दुसऱ्या बायांना सांगे, शिका हिच्यापासून, कशी वेळेआधी येते. मी खाली मान घालून रेचा पुसत राही.

पुढच्या दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. मागच्या शेडमधली एक बाई आली नाही म्हणून मला तिकडं पाठवलं. कशी नाही म्हणू, अन् काय कारण सांगू? दुपारी ओरडा झाला, आग, आग! मी धावत आले तोवर वाळूच्या बादल्या टाकून विझवली होती. पण मावशीच्या शेजारच्या रेच्यावरची बाई हात धरून रडत होती. कोपरापर्यंत भाजला होता. अन् दोन रेच्यांच्या मधोमध काळी झालेली बैलाची नाल पडली होती.

"कोणाच्या ढिगातली?" मॅनेजर ओरडला.

"मायी नाई जी सायेब! मायी शपथ, म्या पायलं होतं," ती भाजलेली बाई रडत म्हणाली.

मावशी पदराखाली हात घेऊन उभी होती.

मॅनेजर माझ्याकडे वळला. "तू सांग. तू खोटं बोलत नाहीस. दोघींतली कोण ढीग नीट पाहत नाही?"

पोरी, मी वाट पाहत होते की मावशी बोलेल. तिनंच शिकवलं होतं ना! ती बोलेना. नाव घेतलं तर मावशी जाते, गप्प राहिले तर ती भाजलेली बाई जाते. मी शब्द काढला नाही. पण माझे डोळे आपोआप मावशीकडे गेले, अन् मॅनेजरनं ते पाहिलं.

मावशीनं भाकरीचं फडकं घेतलं, मडकं घेतलं. दाराशी गेली तेव्हा हातानं चौकट चाचपली, मग पाय बाहेर टाकला. तेव्हा सगळ्यांना कळलं. वर्षभर मला माहीत होतं, हे मात्र कोणाला कळलं नाही. कोणी विचारायच्या आधी सांगायची ती चूक मी सांगितलीच नाही. दुसऱ्या दिवशी मला पहिला रेचा मिळाला. मी गेले त्याच्यावर. घरी माणूस पडून होता.

अमरावती काय लांब आहे? पण आज जाऊ, उद्या जाऊ करता करता तीन वर्षं काढली. गेले तेव्हा मावशी अंगणात बाजेवर बसली होती. डोळे पुरते गेले होते. लेक शिक्षण सोडून किराणा दुकानात लागला होता. आवाजावरून तिनं मला ओळखलं, हात ओढून मनगट चाचपलं.

"चिंधी कुठं हाय व?"

"आज सुट्टी हाय, मावशी."

"मंग ठीक हाय." हसली.

मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी मी..."

"थांब. आज नको," ती म्हणाली. "फिरून येशीन तवा बोलू. लवकर येजो."

तुला सांगायला लाज वाटते, पण मला सुटल्यासारखं झालं. गाडीत मी पोटभर झोपले. पुन्हा जायचं म्हणता म्हणता हंगाम लागला, अन् उन्हाळ्यात तिच्या लेकाचं कार्ड आलं, मावशी गेल्याचं. तिला काय बोलायचं होतं कोणास ठाऊक. मला काय बोलायचं होतं ते माझ्याजवळच राहिलं.

तर सवयी सांगितल्या तुला. त्यांनी मान मिळतो, मला मिळाला, काम सोडून निघाले तेव्हा मॅनेजर उठून उभा राहिला होता. पण त्या दुपारी मी काय करायला हवं होतं ते मला अजून उमगलेलं नाही. तू शिकलेली आहेस, विचार कर अन् मला येऊन सांग. जा आता, ही गाडी चुकवू नको. पण सहा महिने लावू नको, बाई. पुढच्या रविवारीच ये.