डाव्या पायावर पाळत

"डावा पाय दाव." गाडीतून उतरणाऱ्याला आमचे आप्पा आधी हेच सांगत. उतरणारा बहुधा मीच असे. मग खांबाला धरून मी चप्पल उलटी करायची आणि त्यांनी डोळे बारीक करून तळ तपासायचा.

निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत मी कारकून होतो आणि गावातल्या गावात मालकांची मोटारही चालवत असे. बेळगावची लांबची खेप आप्पांची, ते मालकांचे जुने ड्रायव्हर. ती मोटार बेळगावच्या कॅम्पातल्या एका साहेबाने विलायतेला परतताना विकलेली. त्या काळी इतर मोटारींना मागची चाकं ढकलत, हिला पुढची ओढत. आप्पांचा तिच्यावर पहिल्या दिवसापासून संशय. "हिला बैल फुडं जुपल्यात. मान वळवून वढाय लावू नगंस," ते मला बजावत. म्हणजे आधी चाकं सरळ करायची, मगच निघायचं. क्लचवरचा पाय सावकाश उचलायचा आणि गाडीने ओढ घेतली की तो थेट शेजारच्या, पाय टेकायच्या फळीवर. गिअर बदलताना आवंढा गिळण्याइतकं थांबायचं. चढावर गाडी क्लचवर तोलून धरणारा माणूस त्यांच्या लेखी घरफोड्याहून खालचा.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचा कुणावरच विश्वास नसतो. आप्पांचा पेट्रोलवर नव्हता, वाटेतल्या विहिरीच्या पाण्यावर नव्हता, माझ्यावर तर नव्हताच. म्हणून ते त्या फळीवर चुन्याची भुकटी पसरून ठेवत. पाय फळीवर टेकला तर चप्पल पांढरी होणार. कोरी निघाली, तर स्वारीचा पाय सगळा वेळ क्लचवरच होता. मळलेली चप्पल बघून माणसाला निर्दोष सोडणारं दुसरं कोर्ट मी पाहिलेलं नाही.

लढाई सुरू झाली, सुटे भाग येईनासे झाले, आणि नेमका तेव्हाच गाडीला जळका वास येऊ लागला. कुणाचा तरी पाय सतत वर राहून क्लच झिजत होता. ही क्लचची तबकडी गेली की गाडी गोठ्यात बांधा, असं मिस्त्रीने सांगून टाकलं. मालक, म्हणजे अण्णा, शांतपणे म्हणाले की ज्याच्या पायाने हे होतंय त्याने गाडीला हात लावायचा नाही. आप्पा माझ्याकडे बोट दाखवून मोकळे झाले. मला फार राग आला. माझी सोयरीक मोटार चालवणारा जावई म्हणूनच ठरत होती.

शेवटी असं ठरलं की अण्णांना घेऊन बेळगावला जाताना मी चालवायची आणि येताना आप्पांनी, दोन्ही वेळा फळीवर ताजा चुना. तवंदीचा घाट मी जीव मुठीत धरून चढवला. बेळगावात उतरलो तेव्हा माझी चप्पल टाचेपर्यंत पांढरी होती. आप्पांनी ती दोनदा पाहिली, भुकटी बोटाने चाचपली.

"मुद्दाम घासलंस व्हय रं?"

संध्याकाळी परत आलो. अण्णा उतरून आत गेले. आप्पांना पाय दाखवा म्हणणारं कुणी नव्हतं आणि माझी तेवढी छाती नव्हती. मी दाराआड थांबलो. त्यांनी डावी चप्पल काढून उलटी केली. तळावर चुन्याचा कणही नव्हता. खाली फळीवर तो तसाच पसरलेला होता, चिमूटभर चोळायला कितीसा वेळ लागतो? हा माणूस आता तेच करणार अशी माझी खात्री होती. खोटं कशाला सांगू, त्यांनी ते करावं अशी इच्छाही होती. मी आरडाओरडा करून सगळी वखार गोळा केली असती.

ते ती चप्पल हातात घेऊन आत गेले.

"अण्णा, पाय माझा हाय," मला ऐकू आलं. "माझं मलाच कळलं न्हाय."

अण्णांनी वखारीत दुसरं काम देऊ केलं. ते राहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी कोगनोळीला त्यांच्या गावी सोडायला मीच गेलो. वाटभर ते मागे बसले होते. उतरल्यावर मी म्हणालो, आप्पा, मनात काही ठेवू नका.

"तुझ्यावर संशय घेतला त्यात काय चुकलं न्हाय," ते म्हणाले. "सोतावर घ्याचा ऱ्हायला."

मग ते घराच्या वाटेला लागले. त्यांचा डावा पाय गुडघ्यात वाकतच नव्हता. प्रत्येक पावलाला कमरेतून हिसका देऊन ते तो पुढे टाकत होते. मी गाडीत बसून बघत राहिलो. तो पाय कधीपासून असा होता, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.