मंदाबाईंचं उत्तर

चार वर्षं झाली. हे माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही—आईसमोरही नाही, आणि तिला मी सगळं सांगते. मग तुम्हालाच का सांगतेय? ठाऊक नाही. पण ऐका.

दर गुरुवारी संध्याकाळी सहाला मी फेसबुकवर शिक्षकांची चर्चा घ्यायचे. मी एक प्रश्न टाकायचा, त्याखाली सगळ्यांनी तासभर उत्तरं लिहायची. नांदेडपासून सावंतवाडीपर्यंतचे शिक्षक यायचे. मला भाषणांची बोलावणी येऊ लागली. नियम एकच—खऱ्या नावानं बोला. माझे वडील मंडईत चळवळीची पत्रकं वाटायचे, प्रत्येकाखाली स्वतःचं नाव आणि घरचा पत्ता छापून. ती वाचत वाढलेली मी. टोपणनावांची मला चीड.

एका गुरुवारी विचारलं : तुमच्या शाळेत वर्ग कोणती मुलं झाडतात?

वीस मिनिटं कुणी उत्तर लिहीना. ‘छान विषय, मॅडम’ आणि जोडलेले हात, बस. तेवढ्यात मंदाबाईंचा मला एकटीला मेसेज आला. लोणी काळभोरच्या पुढे एका खासगी शाळेत त्या चौथीला शिकवायच्या. ताई, नाव न लावता लिहिलं तर चालेल का? मी काय करावं? सगळ्यांसमोर लिहिलं—ज्यांना स्वतःच्या नावाची भीती वाटते, त्यांनी मुलांना निर्भयतेचे धडे देऊ नयेत.

पाच मिनिटांत त्यांनी लिहिलं. नाव लावून. रोज बौद्ध वस्तीतलीच मुलं झाडतात आणि मी गप्प बसते, असं. ती वस्ती माझ्या समाजाच्या माणसांची होती—मंदाबाईंचं तिथं कुणी नव्हतं. मग इतरांनाही धीर आला. ‘आमच्याकडेही’, ‘आमच्याकडेही’... माझी सर्वांत गाजलेली चर्चा ती.

शनिवारी त्यांना शाळेची नोटीस मिळाली. बदनामीची, सोमवारी शाळेच्या चौकशी कमिटीपुढं हजर व्हा अशी. सोबत स्क्रीनशॉट—फक्त त्यांच्या उत्तराचा. त्या मला स्वारगेटला भेटायला आल्या.

“प्रश्न तुमचा व्हता, मी आपलं उत्तर दिलं, एवढं दोन ओळींत लिहून द्या. बाकी चर्चा हायच की, ती दाखवते कमिटीला.” वर हसल्या. “पोरं म्हणत्यात, आता बाईंनाच अंगठे धरायला लावलं!”

देते, म्हणाले मी.

त्याच दुपारी शाळेच्या सचिवांचा फोन आला. “आपण फार गाजताय, मॅडम. आता कोर्टातही गाजा.” एवढंच. एवढंच पुरलं मला?

पुरलं. मी ती अख्खी चर्चा डिलीट केली. माझा प्रश्न, त्यांचं उत्तर, त्याखालचे सगळे ‘आमच्याकडेही’. दोन ओळीही दिल्या नाहीत.

सोमवारी मंदाबाईंचा फोन आला. कमिटीसमोर मोबाईल उघडला, तर चर्चा सापडेना. रिकाम्या हातानं बाहेर आल्या होत्या.

“ताई... माझ्याच हातून कायतरी दाबलं गेलं का वो?”

असेल, म्हणाले मी. होतं असं कधीकधी.

त्या महिन्यात त्यांची नोकरी गेली. गुरुवारची चर्चा पुढं वर्षभर चालली—खऱ्या नावानं बोला, हा नियमही तसाच.

पण त्या सोमवारी, फोन ठेवण्याआधी, त्यांनी माझी माफी मागितली. एवढ्या लोकांनी जीव तोडून लिहिलेलं माझ्यामुळं गेलं, म्हणाल्या.

आणि मी म्हटलं, “असू द्या.”