काचेच्या कोपऱ्यातला 'पा'

साठच्या दशकात मी अकोल्याला शेतीखात्याच्या कचेरीत काचा लिहायला होते. शेतकऱ्यांना मॅजिक लॅन्टर्नच्या दिव्यातून पडद्यावर मोठ्या करून दाखवायच्या त्या तळहाताएवढ्या काचा. माझं अक्षर बारीक होतं, एवढ्यावर मला नोकरी मिळाली. आमच्या वस्तीत सरकारी नोकरी लागलेली मी पहिलीच बाई, त्यामुळे आई शेजारणींना सांगायची की पोरगी शेतकऱ्यांना शिकवते.

साहेब पुण्याचे. संत्र्यावरच्या व्याख्यानासाठी त्यांनी दिलेला मजकूर काचेवर मावेना. मी म्हटलं, "साहेब, नेहमीचे शब्द आखूड करू का? कोपऱ्यात अर्थ लिहिते."

साहेब खूश झाले. "मात्र प्रत्येक काचेचा अर्थ त्या काचेपुरताच. पुढच्या काचेवर तेच अक्षर दुसऱ्या शब्दाला वापरायला मोकळं. शास्त्रात असंच करतात."

मी शास्त्राप्रमाणे केलं. तिसऱ्या काचेवर 'पा' म्हणजे पाणी, चौथ्या काचेवर 'पा' म्हणजे पालाश खत. दोन्ही अर्थ आपापल्या कोपऱ्यात, सुबक अक्षरात.

मोर्शीला शाळेच्या खिडक्यांना पोती लावून दुपारी व्याख्यान झालं. तिसऱ्या काचेचा कोपरा साहेबांनी वाचून दाखवला. चौथीचा राहिला, कारण त्यांना मोटार गाठायची होती. माझं सुबक अक्षर पहिल्या रांगेच्या मागे कुणाला दिसत नव्हतं, हे मी तिथंच पाहिलं. पण साहेबांना मध्येच कोण टोकणार?

दोन महिन्यांनी एक म्हातारे शेतकरी व्याख्यान उतरवलेली वही घेऊन कचेरीत आले. साहेब दौऱ्यावर होते.

"बाई, पा म्हंजे पाणी ना?"

"हो."

"मंग पुढं लिवलं, पा वर्षातून दोनदा. मले वाटलं, सरकारनं झाडाले पाणी देनंच बंद कराले सांगतलं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करतो? झाडं सुकून राहिले होते. वही ठेवून देली अन् पाणी सोडलं." वही मिटून ते म्हणाले, "तुमाले सांगाले आलो. दुसऱ्या कोनाची बाग वाळू नये."

साहेब परतल्यावर मी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडूनच लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, अर्थ आदेशाप्रमाणे त्या काचेपुरताच होता. तो कागद फायलीत गेला, पुढं त्याचं काही झालं नाही.

मी मात्र सगळ्या काचा पुन्हा पूर्ण शब्दांत लिहिल्या. बाराच्या एकतीस झाल्या. एवढ्या काचा दुसऱ्या कोणत्याच कचेरीत नाहीत, म्हणून साहेबांना बढती मिळाली. निरोप समारंभात त्यांनी साध्या सोप्या भाषेचं महत्त्व सांगितलं. चांगलं बोलले. मीही टाळ्या वाजवल्या.