मालवणच्या समुद्रात
चिंचवडच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला की मला मालवणचा समुद्र आठवतो. पिंपरीत कारखाने नुकतेच आले होते तेव्हा माझ्या शेजारच्या मशीनवर मालवणचा एक मित्र होता. आम्ही चिंचवडचे शेतकरी, मी समुद्र पाहिलाच नव्हता, म्हणून सुट्टीत तो मला गावी घेऊन गेला. त्याच्या वडिलांच्या होडीतून आम्ही तिघं मासे धरायला खोल पाण्यात गेलो आणि एकाएकी वारा सुटला. लाटा अंगावर कोसळू लागल्या, डोलकाठी कडकन मोडली आणि तिच्या तडाख्याने मित्र पाण्यात फेकला गेला. मी त्याचे केस मुठीत धरले. होडी त्या बाजूला कलली, पाणी आत घुसलं. सुकाणूवरून वडील ओरडले, "सोड त्येका! होडी उलाटतली, तू तरी वाच!" मी रडत ओरडलो, "न्हाई सोडनार!" पुढच्या लाटेने त्याला वर उचललं तसं मी त्याला आत ओढलं, कपाळ फुटून त्याचा चेहरा रक्ताने भरला होता. किनाऱ्याला लागल्यावर वडिलांनी माझे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले, मुलाकडे मात्र पाहिलं नाही. पुढे आम्ही दोघं निवृत्तीपर्यंत एकाच शिफ्टला होतो. वडिलांचं ते ओरडणं त्याला ऐकू गेलं होतं का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.